भरून आलेला खांदा

"हेम्या, खांदा भरून आला हाय बे," देवानंद म्हणाला, तेव्हा मी ग्राउंडच्या कोपऱ्यात बसून गुडघ्याला पॅड बांधत होतो. डाव्या हातानं उजवा खांदा दाबत तो माझ्यासमोर उभा होता. "रातभर या कुशीवर झोपता नाई आलं."

मी आधी इकडेतिकडे बघून घेतलं. ठोंबरे सर पलीकडे शिपायाकडून चुन्याच्या रेघा आखून घेत होते. एक रेघ वाकडी गेली म्हणून त्याच्यावर तोंडसुख घेणं चालू होतं, त्यामुळे आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मले सांगतलं ते सांगतलं," मी त्याला म्हटलं. "आता आजचा दिवस तोंड शिवून टाक. जपानी साहेब उद्या जाईन आपल्या गावाले. मंग रड किती रडायचं ते."

"अन् त्यानं विचारलं तर?"

"विचारलं तर मस्त हाय म्हण. बढिया म्हण."

तो बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला. देवानंद भोंडेचं हे असं होतं. त्याला एखादी गोष्ट पटली नाही की तो वाद घालायचा नाही, नुसता जमिनीकडे बघायचा. मग आपणच समजून घ्यायचं.

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही बेसबॉल खेळायचो हे सांगितलं की आजही लोक माझ्याकडे संशयानं बघतात. पण आमच्याकडे हा खेळ होता आणि चांगला होता. देवा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि मी कॅचर, म्हणजे तो टाकलेला बॉल उकिडवं बसून झेलणारा. नाव त्याचं व्हायचं आणि तळहात माझे सुजायचे. तो वरुडकडचा. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखणीला होता, आणि वानरं हाकलायचं काम लहानपणापासून देवाकडे होतं. दगड असा मारायचा की वानराच्या कानाजवळून सूं करून जाईल, पण वानराला लागणार नाही. मारुतीच्या माणसाला मारलं तर पाप लागतं, असं त्याची आई सांगायची. तोच नेम आणि तोच जोर घेऊन तो कॉलेजात आला, आणि ठोंबरे सरांनी पहिल्याच महिन्यात त्याला हेरला. सर आमचे क्रीडाशिक्षक. पोटचं पोर नव्हतं त्यांना. देवा होता.

आदल्या वर्षी विद्यापीठांच्या स्पर्धेत देवाचा खांदा पहिल्यांदा दुखावला होता. त्या स्पर्धेत जपानहून आलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तिकडच्या एका कंपनीचा व्यावसायिक संघ होता, त्यासाठी ते देशोदेशी हिंडून पोरं शोधायचे. ओनो त्यांचं नाव. त्यांनी देवाला पाहिलं, खांदा धरून बाहेर पडतानाही पाहिलं, आणि वर्षभरानं सरांना निरोप धाडला की त्या मुलाला पुन्हा बघायचं आहे. तो आजचा दिवस. साहेबाच्या मनात भरला तर देवा जपानला जाणार, पगारी खेळाडू होणार. नाही तर बापाच्या मागून बागेत काठी घेऊन फिरणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि अशा दिवशी सरांनी त्याला आदल्या संध्याकाळी बसवून शपथ घातली होती. साहेब जे विचारतील ते खरं सांगायचं. खांद्याचं विचारलं तर खांद्याचंही खरं. "फसवून गेलेला माणूस तिथून परत येतो," सर म्हणाले होते, "आणि येताना माझं नाक कापून येतो." सरांपुढे माझी ‘बढिया’ची मात्रा चालणार नव्हती, हे मला कळत होतं.

ओनोसाहेब आले ते एका जुन्या टोपीत, गळ्यात टॉवेल अडकवून. अंगानं आमच्या शिपायापेक्षाही किरकोळ. सोबत दिल्लीच्या त्रिखा मॅडम होत्या. त्यांना जपानी यायचं आणि हिंदी यायचं. मराठीचा मात्र गंध नव्हता. सरांनी छाती पुढे काढून सांगितलं, काही अडचण नाही, हमारे सब लडके हिंदी बोलते. ते खरंच होतं. आम्ही सगळे हिंदी बोलायचो. मराठी वाक्याला हिंदीची टोपी घातली की आमची हिंदी तयार व्हायची, आणि ती अमरावतीच्या बाजारात बिनबोभाट चालायची. दिल्लीत चालते का, हे बघायला आमच्यापैकी कोण गेलं होतं!

साहेबांनी आधी देवाचा तळहात उलटा करून पाहिला. एकेका बोटाचं टोक दाबलं. मग त्याच्या बुटाचा तळ बघितला, कुठे झिजलाय ते. सोयरीक जुळवायला आलेला म्हातारा मुलीच्या टाचा बघतो, तसं ते मला वाटलं आणि हसू आलं. मग ते बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. बॉलचा वेग मोजणारी गन त्यांनी स्टँडवर लावली आणि हातानं खूण केली.

देवानं टाकायला सुरुवात केली. मी त्याचे बॉल वर्षानुवर्षं झेलले होते, पण त्या दिवशीचा हात निराळाच होता. ग्लोव्हवर बॉल आदळला की आवाज समोरच्या भिंतीवरून परत यायचा. रस्त्यानं जाणारे लोक कुंपणाशी थांबायला लागले. शिपायानं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. दुखऱ्या खांद्यानं हा पोरगा असा टाकतो, तर बरा असताना काय करील, असं माझ्या मनात आलं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

थोड्याच बॉलनंतर साहेब उठले. त्यांनी गन बंद केली, स्टँडवरून काढली, कापडात गुंडाळली आणि पिशवीत ठेवून दिली.

देवा ते बघत होता. पुढचा बॉल टाकायच्या ऐवजी तो चालत माझ्याकडे आला. चेहरा पार उतरला होता.

"गन ठेवून देली बे त्यानं."

"सेल संपले असतीन."

"नाई. मी बसलो नाई त्याच्या मनात. मोजाच्या लायकीचाई नाई वाटलो."

मी त्याला परत पाठवलं. खरं तर सेलांचं मलाही पटलं नव्हतं. परत गेल्यावर त्यानं जो टाकला तो बॉल मला दिसलाच नाही, नुसता हातात येऊन बसला. त्यानंतरचेही तसेच. जीव खाऊन टाकत होता. प्रत्येक बॉलनंतर तो खांदा किंचित उडवायचा, अंगावरची माशी उडवावी तसा. ते फक्त मला कळत होतं. पण ओनोसाहेबांनाही कळलं असावं, कारण त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मॅडमना घेऊन त्याच्याकडे निघाले. सर धावले. मीही तोंडावरचा जाळीचा मुखवटा वर सरकवून गेलो.

साहेब हळू आवाजात काहीतरी बोलले. मॅडमनी देवाला विचारलं, "साहब पूछ रहे हैं, कंधे की वो पुरानी चोट अब कैसी है? सच सच बताना."

देवानं सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. मी मनात म्हणत होतो, बढिया म्हण, गाढवा, बढिया म्हण. आयुष्य पणाला लावून खरं बोलताना माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "कंधा भर के आया है."

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी जपानीत सांगितलं. ओनोसाहेबही हसले. मान डोलावली, देवाच्या खांद्यावर अलगद हात ठेवला आणि काही बोलले.

"साहब कह रहे हैं, बहुत अच्छे. तो फिर और डालो. अब पूरे जोर से."

देवा त्यांच्याकडे बघत राहिला. सरांच्या कपाळाला आठी पडली, पण ते बोलले नाहीत. साहेब जगभरातली पोरं बघितलेला माणूस. दुखतंय म्हटल्यावरही टाक म्हणतो, तर त्यात काही परीक्षा असेल, असं सरांना वाटलं. मलाही तेच वाटलं. सहन करण्याची ताकद बघत असतील, सैन्यात बघतात तशी. मी मुखवटा खाली ओढून जागेवर जाऊन बसलो.

त्यानंतर देवा टाकत राहिला आणि साहेब उभ्यानं बघत राहिले. त्यांना बसावंसंही वाटत नव्हतं. एकदा तर त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. मग एका बॉलला देवाचा हात मागे गेला, पुढे आला, आणि मधेच काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. माझ्यापर्यंत पोचेल एवढा मोठा आवाज. बॉल माझ्याकडे आलाच नाही. त्याच्या पुढ्यातच पडून गवतात घरंगळला. देवा गुडघ्यावर बसला होता आणि त्याचा उजवा हात त्याचा नसल्यासारखा लोंबत होता. तो ओरडला नाही. आम्ही पोचलो तेव्हा सरांना एवढंच म्हणाला, "मी सांगतलं होतं ना सर." सर म्हणाले, "हो रे बाळा, सांगितलंस."

पोरांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सरांनी मला सामान आवरायला मागे ठेवलं, म्हणून पुढचं मी ऐकलं.

दवाखान्यात जाण्याआधी साहेबांना गाठायचं म्हणून सर आणि मी कॉलेजच्या गेस्ट हाउसवर गेलो, तेव्हा ओनोसाहेब व्हरांड्यात येरझारा घालत होते. सरांना बघताच ते मॅडमकडे वळून भराभर बोलायला लागले. एवढासा माणूस, पण रागानं थरथरत होता. मॅडम खाली बघत म्हणाल्या, "साहब बहुत नाराज हैं. कह रहे हैं, लडके ने झूठ बोला. जो पिचर अपने हाथ के बारे में झूठ बोले, वो किसी के काम का नहीं."

सर आयुष्यात एवढे लाल झालेले मी पाहिले नव्हते. "मेरा लडका झूठ नहीं बोलता," ते म्हणाले. "उसने सबके सामने सच बोला. तुमने सुना ना? कंधा भर के आया है, ऐसा बोला."

"हाँ, वही तो," मॅडम म्हणाल्या. "भर आया. मतलब, ठीक हो गया."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे.

आमच्याकडे जखम भरून येते ती बरी होते. पण खांदा भरून येतो, पाय भरून येतात, ते दुखण्यानं. हे लहान पोरालाही कळतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. देवानं आपल्या मराठी खांद्याला हिंदीची टोपी घातली होती, आणि आम्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. दिल्लीच्या बाईंनी दुखापतीचं विचारलं होतं, आणि त्यांना उत्तर आलं होतं की ती भरली.

सरांनी त्यांना मोडक्यातोडक्या शब्दांत ते समजावलं. मॅडमचा हात तोंडावर गेला. साहेब विचारत होते, काय म्हणतोय हा, काय म्हणतोय, आणि मॅडमना बोलता येईना. शेवटी त्यांनी सांगितलं. म्हातारा ऐकत होता. ऐकता ऐकता तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं गळ्यातला टॉवेल तोंडावर घेतला. मग तो जे बोलला ते मॅडमनी रडत रडत सांगितलं.

तो म्हणाला, मी या मुलाला सुरुवातीच्या चार-सहा बॉलमध्येच निवडला होता. म्हणून तर गन ठेवून दिली. मग आकडे कशाला हवेत? दुखतंय असं कळलं असतं तर एक बॉलही टाकू दिला नसता. मी प्रत्येक मुलाला तेवढ्यासाठीच विचारतो. दुखतंय म्हणणाऱ्याला विश्रांतीला घरी पाठवतो, आणि मग येऊन घेऊन जातो. हा बरा झालाय म्हणाला, म्हणून मी टाकायला लावलं. काही तपासायचं नव्हतं. मला नुसतं बघत राहावंसं वाटलं.

त्याला दवाखान्यात जाऊन देवाची माफी मागायची होती. उठलाही होता. सरांनी हात जोडून त्याला अडवलं. ते म्हणाले, पोराला हे सांगू नका. हात गेला तो कुणाच्या कठोरपणामुळे गेला असं वाटलं तर तो चिडेल, शिव्या देईल आणि कधीतरी विसरेल. पण आपल्याच तोंडच्या एका शब्दामुळे गेला असं कळलं, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. मग ते माझ्याकडे वळले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, तो मी मान हलवेपर्यंत सोडला नाही. मी जिवंत आहे तोवर, हेमराज, असं ते म्हणाले. मी शब्द दिला. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि सरांचं चुकू शकतं हे मला माहीत नव्हतं.

देवाचं ऑपरेशन झालं. हात वाचला, पण खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही. शर्ट काढायला सुद्धा त्याला वाकावं लागायचं. परीक्षा न देताच तो गावाकडे गेला, पुढे संत्र्याच्या पॅकिंग शेडवर मुकादम झाला. मी पाटबंधारे खात्यात चिकटलो. लग्नाकार्यात भेटायचो, तेव्हा पोराबाळांचं बोलायचो. त्या दिवसाचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हतो. पण पूर्वी ज्याचा आवाज अख्ख्या मैदानात घुमायचा, तो आता चारचौघांत बसला की मागच्या रांगेत बसायचा. शेडवरच्या मालकानं आवाज चढवला की हा उभ्या उभ्या लहान व्हायचा. मला वाटायचं, हात गेल्याचं दुःख आहे, दुसरं काय.

ठोंबरे सर गेले, त्यांच्या तेराव्याला आम्ही दोघं त्यांच्या घरी भेटलो. देवा सकाळपासून राबत होता. डाव्या हातानं पंगत वाढत होता, सरांच्या पत्नीला धीर देत होता. जेवणं झाल्यावर आम्ही चालत एसटी स्टँडवर आलो. वरुडची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "सर गेले. आता एक विचारू? त्या दिवशी तू सरायसंग मांगं राह्यला होता. जपानी काय म्हणे?"

"काऊन आता?"

"अशीच मनातली गोष्ट. तसं मले माहीत हाय." तो समोरच्या फलाटाकडे बघत बोलत होता. "गन ठेवून देली तेव्हाच समजलो मी. मंग मी त्याले खरं सांगतलं, खांदा भरून आला म्हणून. तरी तो हसला अन् टाक म्हणे. मी लय विचार केला त्याचा. ज्याले न्याचंच नाई, त्याचा हात कोन कायले जपीन? माल पसंत नाई पडला का माणूस तो कसाबी फेकते. शेडवर रोज पाह्यतो ना मी."

एवढी वर्षं हा माणूस हे मनात घेऊन जगत होता. सरांनी त्याला रागवायला एक परका माणूस दिला होता, आणि यानं त्या माणसाचा नाही, स्वतःचाच निकाल लावला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. गन का ठेवली ते सांगितलं, मॅडमनी काय ऐकलं ते सांगितलं, म्हातारा पायरीवर बसून काय बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. मधे एक गाडी आली आणि गेली. देवा हलला नाही.

"म्हंजे त्याले वाटलं, मी खोटं बोललो?" त्यानं पहिलं हे विचारलं.

"आधी वाटलं. मंग सरायनं समजावलं."

"समजला ना पण तो?"

"समजला. रडला देवा, टॉवेलात तोंड घालून."

त्यानं मान हलवली. डोळे पुसायला सवयीनं उचललेला उजवा हात वर जाईना, तेव्हा त्यानं मान खाली नेऊन बाहीला डोळे पुसले. मग म्हणाला, "मी पास होतो."

"पहिल्या चार-सहा बॉलातच."

"अन् सरायले हे माहीत होतं."

"हो."

"सगळं नसतं सांगतलं तरी चाललं असतं बे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी बसला होता. "शब्दाचं नसतं सांगतलं. पण गन काऊन ठेवली, तेवढं तरी सांगाचं. मी वेगळ्या मानेनं जगलो असतो. लेकराईसमोर, बायकोसमोर. शेडवर कोनी आवाज चढवला असता तर मीई चढवला असता."

मी काहीतरी बोलायला गेलो, सरांचं तुझ्यावर किती प्रेम होतं वगैरे. त्यानं मला हातानं थांबवलं.

"माहीत हाय मले. बापापेक्षा जास्त होतं. म्हणून तर मी खरं बोललो ना त्या दिवशी." वरुडची गाडी फलाटाला लागली आणि लोक दाराकडे धावले. तो उठला, पण गाडीकडे गेला नाही. "आत्ताच त्यायच्या फोटोच्या पाया पडून आलो मी, हेमराज. आता भांडू कोनासंग?"

गाडी भरली, कंडक्टरनं घंटी मारली, तरी तो तिथेच उभा होता.